चमकून गेलेला गुलाबी

जलतरण तलावाच्या मशीनघरात काम करणाऱ्या माणसाला लोक फार तर ऑपरेटर म्हणतील, नाहीतर पंपवाले. या गृहस्थांना मात्र सगळे नाकोबा म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. उलट एखादा नवा सभासद चाचरत ‘काका’ म्हणाला, तर तेच त्याला सुधारायचे, "नाकोबा म्हणा हो. काका काय, गल्लोगल्ली आहेत."

नाक दिसायला काही खास नव्हतं, हेही सांगून टाकलेलं बरं. चांगलं बसकं होतं. चष्मा त्यावरून सारखा घसरायचा आणि बोलता बोलता ते तो बोटाने वर ढकलायचे. पण कर्तबगारी रूपावर थोडीच असते! सकाळी काचेचं दार ढकलून हॉलमध्ये पाऊल टाकलं की नाकोबा उंबऱ्यावरच थांबायचे, डोळे मिटून दोनदा हुंगायचे आणि निकाल जाहीर करायचे. "काल बारक्यांची बॅच भरलेली होती वाटतं. पोरांनी पोहताना हात आखडता घेतलेला नाही." बाकावर बसलेल्या दोनचार आया लगेच पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या.

त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. लोकांना वाटतं, तलावाला झोंबणारा वास यायला लागला म्हणजे क्लोरीन फार झालं. साफ चूक. तो शिळा, न्हाणीघरातल्या कोंडलेल्या हवेसारखा वास येतो तेव्हा क्लोरीन घामाशी आणि बाकीच्या कशाकशाशी भांडून दमलेलं असतं. त्याला कुमक पाठवायची असते. आणि खरंच प्रमाणाबाहेर गेलं, तर वास निराळा. नुकत्याच उघडलेल्या पावडरीच्या ड्रमसारखा कोरा, धारदार. "हे दोन वास ज्याला वेगळे करता येत नाहीत," नाकोबा म्हणायचे, "त्याने खुशाल तिकिटं फाडावीत, पाण्याच्या वाटेला जाऊ नये."

मग नळी निघायची. बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात तलावाचं पाणी, पाण्यात एक गोळी. गोळी विरघळली की पाणी गुलाबी होतं. फिकट गुलाबी म्हणजे क्लोरीन कमी, गडद म्हणजे जास्त. इथपर्यंत डब्यावरच छापलेलं असतं. नाकोबांचं पुढचं म्हणणं डब्यावर नव्हतं. "क्लोरीन बेसुमार झालं ना, तर ते हा रंगच खाऊन टाकतं. गुलाबी क्षणभर चमकतो आणि जातो. नळी कोरी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, क्लोरीन नाहीच. मग तो शहाणा आणखी ओततो. म्हणून आधी नाक, मग नळी."

बायकांच्या बॅचला शिकवणाऱ्या कोचबाई याची हुबेहूब नक्कल करायच्या, चष्मा वर ढकलण्यासकट. नाकोबांच्या देखत करायच्या, आणि ते वर "वास घेताना डोळे मिटायचे राहिले" अशी दुरुस्ती सुचवायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना त्यांना ताप आला. साधाच होता. आठवडाभर अंथरुणात काढून ते कामावर आले, काचेचं दार ढकललं, डोळे मिटले, हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले. आतली हवा आणि बाहेरची हवा, दोन्ही सारख्याच मुक्या.

सर्दी उतरली की येईल, म्हणाले मनाशी. सर्दी उतरली, खोकला गेला, नाक काही परतलं नाही. आता एखाद्याने सरळ सांगितलं असतं, बाबांनो, वास येत नाही, थोडे दिवस सांभाळून घ्या. पण नाकोबातून नाक वजा केलं तर खाली ‘ओबा’ उरतो, आणि ओबाला कोण विचारतं? शिवाय साहेब, म्हणजे तलावाचे मॅनेजर, अधूनमधून म्हणायचेच, हल्ली पाणी स्वतःच मोजून स्वतःच औषध सोडणारी यंत्रं येतात म्हणे. तेव्हा नाकोबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "यंत्राला हुंगता येतं का, साहेब?" हे उत्तर आता कोणत्या तोंडाने द्यायचं?

मग त्यांनी नाटक सुरू केलं. उंबऱ्यावर थांबणं, डोळे मिटणं, दोनदा हुंगणं, सगळं जसंच्या तसं. फक्त त्याआधी फाटकाजवळच्या फळ्यावर नजर टाकायची. आदल्या दिवशी कुठल्या बॅचला किती गर्दी होती, ते तिथे खडूने लिहिलेलं असायचं. "काल संध्याकाळी कॉलेजची मुलं फार होती," नाकोबा डोळे मिटून म्हणायचे, आणि लोक माना डोलवायचे. हसू यायचं त्यांना, आणि लाजही वाटायची. नळीवर मात्र त्यांनी लक्ष दुप्पट केलं. नळी खोटं बोलत नाही, असं ते स्वतःला बजावत राहिले. ती कधी खोटं बोलते, हे साऱ्या जगाला त्यांनीच शिकवलं होतं, पण तेवढं सोडून.

जगाला फसवणं सोपं. घरात काय करणार? एक दिवस बायकोने दूध गॅसवर ठेवलं आणि शेजारणीकडे गेली. शेजारणीकडे ‘दोन मिनिटं’ म्हणजे किती, ते सांगायला नको. परत आली तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत वर आली. स्वयंपाकघरात धूर, भांडं काळंठिक्कर, आणि तिथल्याच टेबलाशी आपले हे वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"अहो!"

"काय गं? आलीस पण?"

तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते म्हणाले, "वाचायच्या नादात लक्षच गेलं नाही." ती म्हणाली, "बरं." त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं, ते लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांनाच कळेल. नंतर तिने आपल्या पद्धतीने चौकशी केली. भाचीने दिलेलं, कधीच न वापरलेलं अत्तर लावून दिवसभर त्यांच्यासमोर वावरली. एरवी याच माणसाने "कुठे लग्न आहे का?" म्हणून भंडावून सोडलं असतं. त्या दिवशी चकार शब्द नाही. रात्री तिने अत्तर धुऊन टाकलं आणि एकटीच रडली. सकाळी उठून म्हणाली, "मी पोहायला शिकते."

नाकोबांच्या हातातला कप वाकडा झाला. "तू? इतकी वर्षं तलावाच्या फाटकातसुद्धा आली नाहीस!"

"म्हणूनच. गुडघे दुखतात माझे. डॉक्टर म्हणतात, पाण्यात व्यायाम चांगला."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. बिल्डिंगमध्ये अर्थातच चर्चा झाली. या वयात, आणि पोहण्याचा पोशाख घालून! तळमजल्यावरची तर जिन्यात गाठून म्हणाली, "काय हो, नवऱ्यावर पाळत ठेवायला जाताय का?" बायको हसून म्हणाली, "हो." खरं बोलून मोकळी झाली आणि कोणाला पत्ता लागला नाही.

ती खरंच पाळत ठेवायला जात होती. रोज सकाळी बायकांच्या बॅचआधी मशीनघराच्या दारात उभी राहायची आणि सहज बोलल्यासारखं बोलायची. "आज बाई काहीच वास नाही." किंवा, "आज जरा कोंदट वाटतंय, नाही?" नाकोबा वाळूच्या फिल्टरचा काटा बघत हुं म्हणायचे, आणि ती गेल्यावर गुपचूप औषध वाढवायचे नाहीतर कमी करायचे. त्यांना ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. पण बोललं कोणीच नाही. एकमेकांची अब्रू सांभाळण्यात दोघांचंही बरं चाललं होतं. ती कठड्याला धरून पाय मारायला शिकली. कोचबाई म्हणायच्या, "काकू, कठडा सोडा आता, तो पळून जाणार नाही." कोचबाईंवर तिचा जीवच जडला होता.

आता तो दिवस.

आदल्या दिवशी तलावावर स्पर्धा होत्या आणि अलोट गर्दी. अशा गर्दीनंतर संध्याकाळी पाण्याला जबर डोस द्यायचा, ही नाकोबांची नेहमीची रीत. त्यांनी दिला. पण एक गोष्ट नवीन होती. साहेबांनी पाण्यावर अंथरायला निळं आच्छादन आणलं होतं, पाण्याची ऊब टिकावी म्हणून. रात्रभर उघड्या पाण्यातून जे क्लोरीन उडून जायचं, ते त्या आच्छादनाखाली तसंच कोंडून राहिलं.

सकाळी नाकोबांनी आच्छादन गुंडाळलं. इथे एरवी त्यांच्या नाकाने बोंब मारली असती. नाक गप्प. त्यांनी नळी भरली, गोळी टाकली. क्षणभर, अगदी पापणी लवेपर्यंत, तळाशी गुलाबी चमकला. मग नळी कोरी.

त्यांना दिसलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांना झोप येऊ दिली नाही ती याच गोष्टीने. दिसलं होतं, पण मनाने चटकन दुसरंच सांगितलं. काल एवढी गर्दी, सगळं क्लोरीन घामाने खाल्लं असणार. गोळ्याही जुन्या झाल्यात. त्यांनी पावडरीची बादली कालवली आणि तलावात औषध सोडणाऱ्या बाजूच्या टाकीत ओतली. पंप फिरू दिला. पुन्हा नळी. कोरी. पुन्हा बादली.

तेवढ्यात बायको दारात आली, टॉवेल खांद्यावर. तिने नाकाला पदर लावला. "अहो, आज वास येतोय. झोंबतोय."

नाकोबा पंपाकडे तोंड करून उभे होते. एवढ्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून गेलं. "कसला? ताज्या पावडरीसारखा, की शिळा?"

ती गोंधळली. असं सरळ विचारतील असं तिला वाटलंच नव्हतं. पुन्हा हुंगून पाहिलं. "मला काय कळतंय? वास म्हणजे वास."

"अगं, नीट सांग."

"झोंबणारा! आता आणखी काय सांगू?"

झोंबणारा म्हणजे दमलेलं क्लोरीन. झोंबणारा म्हणजे कुमक. आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं. नळीही तेच म्हणत होती. त्यांनी तिसरी बादली ओतली.

तलावाच्या दाराशी एक पाटी टांगलेली असायची, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. ती हिरवी झाल्याशिवाय पाण्यात कोणी उतरायचं नाही, आणि तिला हात लावायचा हक्क फक्त नाकोबांचा. दाराबाहेर बायका खोळंबल्या होत्या. कोचबाईंनी हाक मारली, "नाकोबा, पाटी?" नळी अजून कोरीच होती. पण आता एवढं ओतलंय, मिसळायला थोडा वेळ लागेल, तोवर क्लोरीन जरा कमी असलं तर कोण मरतंय, असं म्हणत त्यांनी पाटी फिरवली. बायको पुढेच उभी होती. हिरव्या पाटीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. आधी कोणीतरी खोकलं, मग दोघीतिघी, मग किंचाळत, डोळे चोळत सगळ्याच कठड्याकडे धावल्या. दम्याचा त्रास असलेल्या एका बाईला श्वासच घेता येईना. तिला कोचबाईंनी उचलून बाहेर काढलं, रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. बायको पायरीवर बसली होती, डोळे टोमॅटोसारखे लाल, खोकत होती आणि हाताने खुणावत होती, मी ठीक आहे, मी ठीक आहे. नाकोबा तिच्यासमोर पाण्याचा पाईप घेऊन उभे होते, तिच्या डोळ्यांवर पाणी मारत, आणि ते सगळं तिच्या केसांवर जात होतं.

दुपारी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. हॉस्पिटलातून निरोप आला होता, बाई शुद्धीवर आहेत, धोका टळला. कोचबाईंनी तलावाचं पाणी बाटलीत आणून त्यात नळाचं पाणी भरपूर मिसळून नळी लावली होती. रंग खाल्ला जाऊ नये म्हणून नाकोबांनीच शिकवलेली युक्ती. पातळ केलेल्या पाण्यातही नळी लालभडक. म्हणजे क्लोरीन किती झालं असेल, त्याचा अंदाज करवेना.

साहेबांनी नाकोबांकडे पाहिलं. "नाकोबा, पाटी हिरवी केली तेव्हा पाणी कसं होतं?"

नाकोबा म्हणाले, "बरोबर होतं."

"झालं तर मग." साहेब कोचबाईंकडे वळले. "नाकोबांच्या नाकाखालून एवढं क्लोरीन निसटणं शक्य नाही. म्हणजे पाटी फिरल्यावर कोणीतरी औषध ओतलंय. औषधाच्या कोठीच्या दोन चाव्या. एक यांच्याकडे, एक तुमच्याकडे. हे आजारी होते तेव्हा तुम्ही ओतत होतात ना?"

"तेव्हा ओतत होते, साहेब. आज मी हातसुद्धा लावलेला नाही."

"एक बाई हॉस्पिटलात आहे, बाई. उद्या तिचे घरचे येतील. मला कोणाचं तरी नाव सांगावं लागेल."

कोचबाईंनी नाकोबांकडे पाहिलं. आता हे काहीतरी बोलतील, असं त्या पाहण्यात होतं. नाकोबा चष्मा वर ढकलत होते. तो खाली आलेला नव्हता, तरी ढकलत होते. कोचबाईंनी ओल्या पिशवीतून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. त्या चावीचा टेबलावर झालेला आवाज नाकोबांच्या छातीत वाजला.

"मी ओतलं," ते म्हणाले. "तीनदा ओतलं. पाटीच्या आधी. नळी कोरी येत होती म्हणून."

साहेब चक्क हसले. "नाकोबा, बाईंना वाचवताय तुम्ही. चांगलं आहे. पण कोरी नळी कशी फसवते, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मला तर तुम्ही पहिल्याच दिवशी धरून शिकवलंत. आणि वास? खोलीत बसून मला वास येत होता हो!"

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. तापापासून. काहीच येत नाही."

साहेबांचा विश्वास बसेना. कालपर्यंत उंबऱ्यावर हुंगून भविष्य सांगणारा माणूस! "अहो, पण परवाच तर तुम्ही..."

"फळा वाचतात ते," दारातून आवाज आला. बायको पदर डोळ्यांवर धरून उभी होती. "आधी फळा वाचतात आणि मग डोळे मिटतात. घरात दूध जळून कोळसा झालं तरी यांना कळलं नव्हतं. त्या पोरीला सोडा, साहेब."

एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला धरून खाली बसली. नाकोबा उठले, पण तिच्यापर्यंत कोचबाई आधी पोचल्या.

कामावरून काढलं नाही त्यांना. साहेब तसा भला माणूस. मशीनघर कोचबाईंकडे गेलं, औषध सोडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवली गेली, आणि नाकोबा टॉवेल देण्याच्या खिडकीत बसायला लागले. गंमत म्हणजे त्या दिवसापासून त्यांना कोणी नाकोबा म्हणेना. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला लागेल. खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणायचे, "काका, एक टॉवेल." दम्याच्या बाई बऱ्या झाल्या, पण तलावावर पुन्हा आल्या नाहीत. कोचबाई समोरून जाताना मान हलवतात, बोलतात, चौकशी करतात. नक्कल मात्र करत नाहीत.

घरी दोघं फारसं बोलत नव्हते. बायकोचा खोकला रेंगाळला. एका संध्याकाळी ते दूध तापवायला गॅसपाशी उभे राहिले. हल्ली असंच करत. गॅस पेटवला की भांड्यावरून नजर हलवायची नाही. पाठीमागे टेबलाशी बायको काहीतरी निवडत बसली होती.

"तुला तर वास येत होता," ते भांड्याकडे बघतच म्हणाले. "झोंबत होता, म्हणालीस. मग उतरलीस कशाला?"

निवडणं थांबलं.

"तुम्ही पाटी हिरवी केलीत ना," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मागे कशी फिरू?"

दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले. नाकोबांना ते धूसर दिसत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग काही न लपवता, सरळ, तिला विचारलं.

"अगं, बघ जरा. करपल्याचा वास येतोय का?"

ती उठून जवळ आली. भांड्यावर वाकली, श्वास घेतला, खोकली, पुन्हा श्वास घेतला.

"मलाही येत नाही," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले, माझा येईल परत."

नाकोबांनी तिच्याकडे पाहिलं. ती भांड्याकडे बघत होती.

"इकडे काय बघताय? दुधाकडे बघा," ती म्हणाली, आणि पदराने नाक पुसत त्यांच्या शेजारीच उभी राहिली. मग दोघंही दूध वर यायची वाट बघत राहिले.